साखळी दोन भोकं वर

बाबा, आज दुपारी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि तुझी बांबूची पट्टी पोलादी पट्टीशेजारी ठेवून मोजली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, ती पट्टी माझ्या खणात त्याहूनही जास्त वर्षं पडून आहे, आणि मोजायला मला आजचा दिवस उजाडावा लागला. मोजल्यावर जे करायला हवं होतं ते मी धड केलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. तुला 'तू' लिहितोय. घरी मी तुला 'तू'च म्हणायचो. सरकारी फार्मवर नोकरी लागली आणि चार लोकांसमोर 'तुमी' म्हणायला लागलो, तेव्हा आईला वाटलं, पोरगं शिकून नम्र झालं. नम्र कसलं बोडक्याचं. 'तुमी' म्हटलं की नवीन माणसाला कळत नसे की औतामागे चालणारा हा माणूस माझा बाप आहे. तुला ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. तू काही बोलला नाहीस, फक्त त्या दिवसापासून चारचौघांत तूही मला 'हो जी', 'नाई जी' करायला लागलास.

माझ्याकडे सध्या एका पुस्तिकेचं काम आहे. शेतीला जोर कुठून कुठून मिळतो आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो कसा बदलत गेला, हे शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत मांडायचं. माणूस, बैल, डिझेल इंजिन, विजेची मोटर, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, असा तक्ता आहे आणि प्रत्येकासमोर त्याची शक्ती किती ते लिहिलेलं. माणसासमोरचा आकडा इतका बारीक आहे की टाईप करणाऱ्या बाईंनी परवा विचारलं, "सर, इथे टिंब चुकून तर नाही ना पडलं?" मी म्हटलं, नाही हो, माणूस तेवढाच असतो. बाई हसल्या. मग मी खुर्चीत बसून राहिलो, कारण तेवढ्या टिंबापुढच्या आकड्यावर तू मला डिप्लोमापर्यंत शिकवलंस. पण खरी अडचण त्या आकड्याची नाही, त्याच्या खालच्या आकड्याची आहे. काळ्या जमिनीत बैलजोडीची नांगराची ओढ किती आणि काम किती, हा आकडा आपल्या फार्मवरून गेलेला आहे. पुस्तिकेच्या प्रत्येक आवृत्तीत तो छापतात, दुसऱ्या पुस्तिकावाले तिथून उचलतात. तो आकडा खोटा आहे. तो मी तयार केला, आणि ज्या जोडीवर केला ती तुझी होती.

हिंगण्याच्या रस्त्याला आपलं फार्म होतं तेव्हा तिकडे कारखान्यांचा पत्ता नव्हता. आता त्याच रस्त्याने शिफ्ट सुटली की मोटरसायकलींची रांग लागते. फार्मवर सहा जोड्या आणि सहा औतवाले, त्यांतला तू सगळ्यांत जुना. तुझी जोडी म्हणजे साहेब आणि बाबू, डावा साहेब, उजवा बाबू. नावं तूच ठेवलेली, आणि कोणी नवीन अधिकारी आला की बाकीचे औतवाले तुला मुद्दाम डिवचायचे, "सांग ना गा, असे नाव काहून ठेवले त्यायचे?" तू खाली मान घालून सांगायचास, "काही नाई जी. एक नुसता चालते अन् एक वढते." अधिकारी आधी हसायचा आणि मग हळूच हसू आवरायचा. तू तोवर नांगराच्या पुढच्या तासाला, पुढच्या चराला लागलेला असायचास.

तुला यंत्राचं वावडं होतं असं मी पुढे बरेचदा ऐकलं आणि ऐकून माना डोलवल्या, म्हणून हे आवर्जून लिहितो. विहिरीवर मोट होती. चामड्याची ती मोट भरून वर यायची तेव्हा बैल उतारावर ताणून ओढायचे, मग उलट्या पावलांनी परत वर, दिवसभर तेच. डिझेल इंजिन आलं तेव्हा हँडल मारायला सगळ्यांच्या पुढे तू होतास. "बैलायची पायपीट वाचली," म्हणालास आणि संध्याकाळी घरी येऊन आईला धूर कसा निघतो त्याची नक्कल करून दाखवलीस. ट्रॅक्टर आला त्या दिवशीही तू त्याच्याभोवती दोन चकरा मारल्यास आणि ड्रायव्हरला विचारलंस, "याचा खांदा कुठी आहे गा?" त्याला काही कळेना. "अरे, वझं कुठी पडते याच्यावर?" त्याने मागे नेऊन लोखंडी हूक दाखवला. तू हुकावर हात ठेवून उभा राहिलास. "मागून वढते म्हन की. मंग याची मान नसन दुखत. साजरं आहे." ट्रॅक्टरबद्दल तू वाईट बोललेलं मी कधी ऐकलं नाही.

मग नवे साहेब आले, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, ट्रॅक्टरची घाई मात्र फार. वरून विचारणा झाली होती की फार्मवर बैल ठेवायचे की सगळं काम ट्रॅक्टरवर न्यायचं. साहेबांनी ठरवलं की एक चाचणी घेऊ, गव्हासाठी मोकळं ठेवलेलं वावर निम्मं निम्मं वाटू, एका भागात ट्रॅक्टर, दुसऱ्यात फार्मवरची सगळ्यांत चांगली जोडी, आणि जे कागदावर येईल ते वर पाठवू. सगळ्यांत चांगली जोडी म्हणजे साहेब आणि बाबू. मोजमाप माझ्याकडे. मी तेव्हा यंत्र विभागात तात्पुरता होतो, पक्का व्हायची वाट पाहत. आपल्या सहाही औतवाल्यांना ठाऊक होतं की त्या एका दिवसावर सहा जोड्यांचं ठरणार आहे. तू मला घरी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. मी ताटावर बसलो की तू उठून बाहेर बिडी प्यायला जायचास, म्हणजे मला अवघडायला नको.

श्रावण होता. झड उघडून ऊन पडलं, तीन दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी सकाळी तू पायाच्या अंगठ्याने माती दाबून म्हणालास, वाफसा आला, आता जोडी जाते. साहेब म्हणाले, दोन्ही एकदम सुरू करू. ट्रॅक्टर वावरात घातला तर मागची चाकं काळ्या चिखलात जागच्या जागी फिरत राहिली आणि शेवटी दोन बैलजोड्या लावून त्याला बाहेर ओढावं लागलं. त्यानंतर आठ दिवस सगळे आभाळाकडे बघत बसले. आठ दिवसांनी जमीन ट्रॅक्टर पेलेल इतकी वाळली, तेव्हा चाचणीचा दिवस धरला. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या, साहेब, दोन पाहुणे अधिकारी, चहाची किटली. माझ्या हातात पाटी आणि कागद. इस्त्रीची पँट घातली होती आणि ती मातीने भरू नये म्हणून धुऱ्यावरून, बांधावरून चालत होतो.

तू जोडी उभी केलीस, टोपी काढलीस आणि साहेबांसमोर येऊन म्हणालास, "मालक, एक इचारू?"

"विचारा."

"हे आठ दिस कुठी लिवाचे जी?"

"कुठले आठ दिवस?"

"वावर थांबलं ते. जोडी तवाच गेली असती. शेतकऱ्याच्या घरी आठ दिस म्हंजे लय असते जी, तेवढ्यात पेरा चुकते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आहे का हो तसा रकाना?"

"नाही सर. तासांचा आहे. दिवसांचा नाही."

पाहुणे हसले, साहेबही हसले. मी हसलो. मला अजून आठवतं की मी सगळ्यांच्या नंतर हसलो आणि सगळ्यांच्या नंतर थांबलो. तू टोपी घालून जोडीकडे परत गेलास. साहेब म्हणाले, "म्हातारा हुशार दिसतोय. कोण हा?" मी म्हटलं, "जुना औतवाला आहे, सर." त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं नसलेलं वाक्य इतक्या चटकन तोंडातून येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि त्यावर मला तुझाच राग आला. तू बोललास कशाला, चारचौघांत शहाणपणा दाखवायची काय गरज होती, आता साहेबांना वाटणार की मी चाचणी नीट आखली नाही. तू बरोबर होतास म्हणून जास्त राग आला.

ओढ मोजायचा काटा साखळी आणि नांगर यांच्यामध्ये बसवायचा असतो, आणि ते काम माझं. लोखंडी नांगराच्या तोंडाशी उभ्या पट्टीत भोकं असतात. साखळीचा आकडा वरच्या भोकात घातला की फाळ खोल जातो, खालच्या भोकात घातला की उथळ. हे डिप्लोमाच्या मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं त्याच्या कितीतरी आधी तू मला वावरात बसवून दाखवलं होतंस. मी खुर्च्यांकडे पाठ करून उकिडवा बसलो, काटा अडकवला, आणि साखळी ठरल्यापेक्षा दोन भोकं वर घातली. बाबा, हात चुकला असं लिहायला मला फार आवडलं असतं. माझा हात चुकला नाही. मी आधी एक भोक वर घातली, मान वळवून साहेबांकडे बघितलं, आणि मग काढून आणखी एक वर घातली.

तू जोडी हाकलीस. दहाएक पावलं गेला असशील. नांगराच्या रुमण्याला हात असलेल्या माणसाला जमिनीच्या पोटातलं कळतं, तुला तर कळणारच. तू मागे वळून पाहिलंस, नांगराकडे नाही, माझ्याकडे. मी कागदावर काहीतरी लिहायला लागलो. तुला थांबता आलं असतं. 'साखळी वर लागली जी,' एवढं म्हटलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं. पण काटा कोणी बसवला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तू तोंड मिटलंस आणि सगळं अंग रुमण्यावर टाकलंस, फाळ जरा तरी वर यावा म्हणून. दोन तास तू तसा चाललास, अर्धा लोंबकळत. पलीकडे ट्रॅक्टर सुरेख पट्टे पाडत होता आणि पाहुणे तिकडेच बघत होते. साहेब आणि बाबू फेसाळले. नांगराच्या शेवटच्या तासाला बाबू मध्येच उभा राहिला. तू त्याला मारलं नाहीस. पुढे जाऊन त्याच्या कानाशी काहीतरी बोललास, तो परत चालला. जू काढलं तेव्हा त्याच्या खांद्यावरचं कातडं गेलेलं होतं आणि माशा बसायला लागल्या होत्या. मी काट्यावरची ओढ लिहिली, झालेलं काम लिहिलं, आणि खोलीच्या रकान्यात जी ठरली होती तीच खोली लिहिली. कागदाच्या तळाशी ओळ असते, औत हाकणाऱ्याची सही. ती सही मी तुला आपल्या स्वैपाकघरात शिकवलेली, चुलीतली राख परातीत पसरून, आणि आई म्हणायची, भाकरी कशात थापू आता. मी कागद पुढे केला आणि उगाच म्हटलं, "वाचून दाखवू का?" तू पेन घेतलास. "तू लिवलं ना? मंग बराबर असन." सही तू नेहमीसारखीच सावकाश केलीस, एकेक अक्षर सुटं. चारचौघांत तू मला त्या दिवशी 'तू' म्हणालास, तेवढा एकदाच.

सगळे चहाला गेले तेव्हा मी धुऱ्यावरून मागे बघितलं. तू नांगराच्या तासात उकिडवा बसला होतास. कमरेची ती बांबूची पट्टी काढली होतीस. तिच्यावर तू चाकूने खुणा पाडलेल्या होत्या, डवऱ्याला एवढं, वखराला एवढं, नांगराला एवढं. तू ती तासात उभी धरलीस आणि मग चाकू काढलास. मी चहाकडे वळलो. घरी संध्याकाळी आई मला विचारते, "काहून गा, काय झालं वावरात? तुया बापानं बाबूले गरम पान्यानं धुतलं अन् सोता बिनजेवता आडवा झाला." मी म्हटलं, ऊन लागलं असेल. अजून ते वाक्य आठवलं की मला ताट सरकवावंसं वाटतं.

चार दिवसांनी पोळा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. ज्याने जुंपलं त्यानेच शेकायचं, हा फार्मवरचा रिवाज. मी गोठ्याजवळून चाललो होतो, हातात अहवालाचे कागद. तू हाक मारलीस. तुपाची वाटी निखाऱ्यावर ठेवलेली, बाबू मान खाली घालून उभा, खांद्यावर पपडी धरायला लागलेली. तू पान माझ्यापुढे धरलंस. "घे. यंदा बाबूचा खांदा तू शेक."

"मी कुठे जुंपलं त्याला?"

तू माझ्याकडे बघत राहिलास. रागाने नाही, तेच मला सोसेना. मग म्हणालास, "बैल सांगत नाई गा कोनाले. म्हनून त्याच्या खांद्याले इचारा लागते." मी घड्याळ पाहिलं. साहेब वाट पाहून राहिले, म्हटलं, आणि चालायला लागलो. पाठीमागे तुझा आवाज येत होता, बाबूशी बोलत होतास, दरवर्षी बोलायचास तेच. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी त्या रात्रीच्या आत अहवाल टाईप करून दिला. त्यात वाक्य होतं की देशी बैलजोडी काळ्या जमिनीत नांगरटीस पुरी पडत नाही. साहेबांनी पाठ थोपटली, आणि दिवाळीच्या आत मी पक्का झालो.

दिवाळीच्या आधी सहाही जोड्यांचा लिलाव झाला. साहेब आणि बाबू भिवापूरकडच्या एका मिरचीवाल्या शेतकऱ्याने घेतले. तू दावं त्याच्या हातात देताना म्हणालास, "आखरी एक सांगतो जी. महिनाभर याच्या खांद्यावर जू ठेवू नका. मंग पाहा कसा वढते." तो म्हणाला, हो बाप्पा. फाटकापर्यंत तू बाबूच्या बाजूने चालत गेलास. मी ऑफिसच्या खिडकीत होतो. पाच औतवाले घरी बसले. तुला मात्र ठेवून घेतलं, ट्रॅक्टरच्या शेडवर चौकीदार म्हणून, आणि लोक म्हणाले, पोरगा ऑफिसात आहे म्हणून जमलं. तू मला थँक्यू म्हणावंस अशी आईची इच्छा होती. एके दिवशी तू खरंच म्हणालास. जेवता जेवता, वरण वाढून घेत, "बरं केलं बाप्पा मले कामावर ठेवलं." मी मान हलवली आणि पोळी मागितली.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी एक ड्रायव्हर हसत हसत ऑफिसात आला. "सर, चला पाहाले. म्हातारा ट्रॅक्टरले तूप लावून राहिला." मी तणतणत शेडवर गेलो. तू ट्रॅक्टरच्या मागे बसला होतास, तुपाची वाटी, हळद, पळसाचं पान, आणि हुकाला सावकाश चोळत होतास. दोन ड्रायव्हर तोंडावर हात ठेवून उभे. मी त्यांच्यासमोर तुला झापलं. म्हटलं, "काय चालवलंय हे तुमी? तुपावर धूळ बसते, हूक झिजतो. त्याले ग्रीस लागते." तू हात थांबवला नाहीस. "ग्रीस त्याच्या कामाचं जी. हे माह्या कामाचं." ड्रायव्हर गेल्यावर तू कमरेची पट्टी काढून माझ्या हातात दिलीस. "आता वावरात जानं नाई माहं. तुया कामी येईन." जुन्या खुणा हाताळून काळ्या पडल्या होत्या. नांगराच्या खुणेच्या वर एक नवी होती, पांढरी. मी ती खिशात घातली, ऑफिसात आलो, आणि खणात मागच्या बाजूला टाकली. तू शेडवर होतास तोवर दर पोळ्याला हुकाला तूप लागत राहिलं. मी त्यानंतर कधी काही बोललो नाही, आणि पाहायलाही गेलो नाही.

शेवटच्या आजारात तू क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाटेवर होतास. मी ऑफिसातून येऊन दहा मिनिटं बसायचो. तू एवढंच विचारायचास, "वाफसा आला का?" मी म्हणायचो, आला. कित्येकदा वावराकडे न बघताच म्हणायचो. त्या दहा मिनिटांत मला सांगता आलं असतं. तुला नवीन काहीच कळलं नसतं, फक्त मी सांगितलं एवढं कळलं असतं. मी तुझा पाय दाबत बसलो आणि फार्मच्या गप्पा मारल्या.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ट्रॅक्टर आला असताच. तो आलाच. हल्ली कळमेश्वरकडच्या बैठकीला गेलो की दोन एकरवालाही सांगतो, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने, डवऱ्यापुरती एक जोडी ठेवली आहे. विहिरीवर मोटरी आहेत, उन्हाळ्यात मळणीयंत्रं गावोगाव फिरतात. बैलांचा आलेख खाली आला आहे आणि तो माझ्या दोन भोकांमुळे आलेला नाही, एवढं मला कळतं. पण मग ती दोन भोकं कशाला? खरं मोजलं असतं तरी ट्रॅक्टरच जास्त एकर करून गेला असता. आपली जोडी हरली असती, पण सरळ हरली असती. कदाचित साहेबांनी दोन जोड्या ठेवल्या असत्या, डवऱ्याला, ओल्या दिवसांना. आणि बाबूचं कातडं गेलं नसतं. गरज नसताना केलेलं खोटं काम आहे ते, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

यंदाच्या पुस्तिकेत मी तक्त्यात एक नवा रकाना घातला आहे. वाफशासाठी थांबावे लागणारे दिवस. वरिष्ठांना तो फार आवडला. म्हणाले, "हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुमची कल्पना उत्तम आहे." मी म्हटलं, थँक्यू सर. बघ, अजून जीभ तशीच आहे.

तर आज दुपारी तुझी पट्टी मोजली. जुन्या खुणेत आणि पांढऱ्या खुणेत, आता तीही पिवळी पडली आहे, बरोबर दोन बोटांचं अंतर आहे. अहवालात जी खोली लिहिली आहे ती जुन्या खुणेची, आणि जोडीने ओढलं ते नव्या खुणेचं. एवढ्या खोलीला ती ओढ म्हणजे तुझ्या जोडीने झकास काम केलं होतं, बाबा. मी गणित दोनदा केलं. मग छपाईआधीच्या मुद्रितावरचा तो आकडा तांबड्या पेनाने खोडला आणि खाली तळटीप लिहायला घेतली. तळटिपेत कारण द्यावं लागतं. पेन बराच वेळ हातात होता. शेवटी लिहिलं, 'मापन-उपकरणातील दोषामुळे ही नोंद वगळली आहे.' वाचून पाहिलं, वाक्य चांगलं झालं होतं. खाली सही केली.

शिपाई पाच वाजता मुद्रितं न्यायला येतो. आता पावणेपाच झाले आहेत. पान समोर आहे, तांबडा पेन उघडा आहे, आणि हे पत्र मी घडी करून तुझ्या पट्टीखाली खणात ठेवणार आहे, कारण दुसरीकडे कुठे पाठवू. काट्यात काही दोष नव्हता, बाबा. तळटीप मात्र अजून तशीच आहे.